कर्ज ‘सिबिल’वर अडलं? अर्ज पुन्हा टाकण्याआधी हे तपासा

लक्षणं

घर दुरुस्तीच्या कर्जासाठी कागद सगळे दिले, उत्पन्नही पुरेसं आहे, तरी बँकेतून एकच उत्तर येतं: ‘सिबिलमुळे होत नाही.’ म्हणजे तुम्ही आजवर कर्जं कशी फेडली त्यावरून काढलेला तुमचा क्रेडिट स्कोअर त्यांना पटलेला नाही. किंवा कर्ज मिळतं, पण शेजारच्याला मिळालं त्यापेक्षा एक टक्का जास्त व्याजाने. दुकानात हप्त्यावर फोन घ्यायला जाता आणि दोन मिनिटांत नकाराचा मेसेज येतो. मुलाच्या शैक्षणिक कर्जात सहकर्जदार म्हणून तुमचं नाव घातलं की फाईल तिथेच थांबते. मुलगी बँकेची परीक्षा पास होते आणि रुजू होताना तिचा क्रेडिट रिपोर्ट मागतात. नाहीतर तुम्ही नवं काहीच केलेलं नसतं आणि स्कोअर एकदम साठ-सत्तर अंकांनी खाली आलेला असतो.

यातलं काहीही घडत असेल तर पुढचं वाचा. मी सिंधुदुर्गात एका तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पॅन, पीकविमा ही कामं असतातच, पण त्यांच्या बरोबरीने आता अडलेल्या स्कोअरची कामं येतात. सगळी कर्जं बुडवून बसलेला माणूस त्यांत क्वचितच असतो. बहुतेकांचं घोडं एखाद्या किरकोळ, विसरलेल्या, नीट बंद न केलेल्या नोंदीपाशी पेंड खात असतं. म्हणून क्रम पाळा. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या पैशांच्या आणि शेवटी वकिलाच्या.

हे एवढं मनावर का घ्यायचं? २० लाखांचं गृहकर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता साधारण १७,३५६ रुपये बसतो. साडेनऊ टक्क्यांनी तोच १८,६४३ होतो. महिन्याला १,२८७ रुपये जास्त, म्हणजे मुदत संपेपर्यंत तीन लाखांच्या वर. एवढ्या पैशांत घराला कौलांऐवजी स्लॅब पडतो. आणि प्रश्न फक्त कर्जाचा नाही. खराब क्रेडिट इतिहासामुळे स्टेट बँकेने एका उमेदवाराची नेमणूक रद्द केली होती. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

पहिली तपासणी: रिपोर्ट काढा. नुसता आकडा नको, पूर्ण रिपोर्ट.

आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या देशात चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि साधारण ७५० च्या वर असला की बँका खूष असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. तो थेट त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून काढा. ‘फ्री स्कोअर’ दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपला पॅन देत बसू नका, नाहीतर महिनाभर कर्ज विकणाऱ्यांचे फोन येत राहतील.

स्वतःचा रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती मी रोज ऐकतो आणि तिच्यापायी माणसं वर्षानुवर्षं रिपोर्ट बघतच नाहीत. कमी होतो तो बँकेने तुमच्या अर्जावरून चौकशी केली की, आणि तोही थोडाच.

नकार देणाऱ्या बँकेला विचारा की तुम्ही कोणत्या कंपनीचा रिपोर्ट पाहिलात. चारही ठिकाणचे आकडे सारखे नसतात. एकीकडे स्वच्छ असलेली फाईल दुसरीकडे घाण असू शकते, आणि मग आपण भलत्याच कागदावर डोकं फोडत बसतो.

स्कोअरच्या जागी उणे एक किंवा ‘इतिहास नाही’ असं दिसलं तर घाबरू नका. तुम्ही आजवर कर्जच घेतलेलं नाही, बहुतेक वेळा एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याला केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जानेवारी २०२५ च्या निर्देशांत आहे, आणि अर्थ खात्याने लोकसभेतही ते सांगितलं आहे. काउंटरवर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा.

दुसरी तपासणी: पहिल्या पानावरचा माणूस तुम्हीच आहात ना?

नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, मोबाईल नंबर सावकाश वाचा. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे. अख्ख्या वाडीचं आडनाव एक, घरांना नंबर नाहीत, पत्ता म्हणजे मुक्काम पोस्ट अमुक, वरची वाडी. त्यात एकाच वाडीत तीन संतोष परब असतात. वडिलांचं नाव मध्ये असतं तोवर तिघे वेगळे. कुठल्यातरी वित्त कंपनीच्या मुलाने फॉर्म भरताना मधलं नाव गाळलं की तिघांचा एक होतो. कर्ज पॅनशिवाय, मतदार ओळखपत्रावर दिलेलं असेल तर गोंधळाची शक्यता आणखी वाढते.

कुडाळकडचे एक गृहस्थ आले तेव्हा चिडूनच बोलत होते. “माझ्या नावार एक रुपयाचा कर्ज नाय, मगे स्कोर पडलो कसो?” खरोखरच कर्ज नव्हतं. रिपोर्टमध्ये दुचाकीचं जे कर्ज थकलेलं दिसत होतं ते त्याच वाडीतल्या त्यांच्या चुलतभावाचं. जन्मतारीख वेगळी होती आणि कर्जात दिलेला मोबाईल नंबरही त्यांचा नव्हता. वाद घालण्यासाठी हे दोन पुरावे पुरले.

लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत गडबड उलटी होते. पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बचत गटातलं कर्ज तिसऱ्याच स्पेलिंगने. फाईल दोन तुकड्यांत विभागली जाते. गटाचे हप्ते पाच वर्षं वेळच्या वेळी भरलेले असतात, पण तो चांगुलपणा भलत्या तुकड्यात पडून राहतो आणि बँकेला दिसतो कोरा कागद. आधी पॅन आणि आधारवरचं नाव एक करा, मग बँकेत केवायसी नव्याने द्या, आणि त्यानंतरच रिपोर्टमधली दुरुस्ती मागा. क्रम उलटा केलात तर चूक पुन्हा उगवते.

तिसरी तपासणी: प्रत्येक खातं ओळखीचं आहे का, आणि संपलेलं खातं ‘बंद’ दिसतं का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्याकडची बहुतेक कामं इथेच सुटतात.

दुकानातून घेतलेल्या फ्रिजचं कर्ज दुकानाच्या नावावर नसतं, मागच्या वित्त कंपनीच्या नावावर असतं. ‘आत्ता घ्या, नंतर पैसे द्या’ म्हणणाऱ्या ॲपच्या मागेही अशीच कंपनी असते. त्यामुळे अनोळखी नाव दिसलं की लगेच फसवणूक झाली असं समजू नका. रक्कम आणि तारीख बघा, त्या महिन्यात घरात काय आलं ते आठवा. गणपतीच्या तोंडावरची तारीख असेल तर टीव्ही नाहीतर फोन निघतो.

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार काकांचं उदाहरण सांगतो. कलमांच्या बागेसाठी पंप आणि पाइपलाइन घालायची होती, बँकेने स्कोअर दाखवून नाही म्हटलं. रिपोर्टमध्ये फ्रिजचं जुनं कर्ज ‘चालू’ होतं आणि थकबाकी २९५ रुपये. झालं होतं असं: शेवटच्या हप्त्याला खात्यात पैसे नव्हते, हप्ता परत गेला. काकांनी आठवड्याने हप्ता भरला, पावती घेतली आणि विषय संपला असं धरलं. पण हप्ता परत गेल्याचा दंड २५० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे २९५ रुपये उभेच राहिले. रिपोर्टच्या तक्त्यात दर महिन्याच्या चौकोनात थकीत दिवसांचा आकडा चढत गेला: ०२८, ०५९, ०८९ आणि पुढे थेट सातशेच्या वर. संगणकाला २९५ रुपये आणि तीन लाख यांतला फरक माणसासारखा कळत नाही, त्याला दिवस दिसतात. काकांनी पैसे भरले, कंपनीकडून बेबाकी दाखला, म्हणजे आता काही येणं नाही असा लेखी कागद, घेतला आणि खातं बंद दाखवायला लेखी कळवलं. पुढच्या रिपोर्टमध्ये ते ‘बंद’ झालं आणि तिथून स्कोअर हळूहळू चढू लागला.

म्हणून कुठलंही कर्ज फिटलं की बेबाकी दाखला घ्या, आणि महिन्याभराने रिपोर्टमध्ये ते बंद दिसतंय का बघा. पावती म्हणजे दाखला नव्हे. घर किंवा जमीन तारण असेल तर पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागद परत देणं बँकेला बंधनकारक आहे. १ डिसेंबर २०२३ पासून उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सातबारावरचा बोजा उतरवायलाही त्याच वेळी तलाठ्याकडे जा.

मुंबईला नोकरीत असताना घेतलेलं आणि गावी परतल्यावर कपाटात पडलेलं क्रेडिट कार्डही याच गटातलं. वार्षिक शुल्क लागतं, बिल जुन्या खोलीच्या पत्त्यावर जातं, इथे कुणाला पत्ताच नसतो. थकबाकी भरून कार्ड बंद करायला लेखी सांगा. विनंतीनंतर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करायचं असतं, नाहीतर कंपनीने तुम्हाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.

चौथी तपासणी: हप्त्यांचा तक्ता आणि आपला हंगाम

रिपोर्टमध्ये प्रत्येक खात्याखाली ३६ महिन्यांचा तक्ता असतो. ‘०००’ म्हणजे वेळेवर. त्याजागी दुसरा कुठलाही आकडा असेल तर तितके दिवस उशीर. हा तक्ता आडवा न वाचता उभा वाचा, एकच महिना तिन्ही वर्षांत कसा गेला ते बघा.

मच्छीमार घरांमध्ये दुखणं बहुतेक वेळा जून-जुलैच्या रकान्यात सापडतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, उत्पन्न शून्य, आणि टेम्पोचा हप्ता मात्र पाच तारखेला ठरलेला. बाकीचे दहा महिने स्वच्छ असतात. आंबा-काजूवाल्यांचं उलट: वर्षाचा पैसा एप्रिल-मेमध्ये हातात येतो, जानेवारी-फेब्रुवारीत खातं कोरडं पडतं. नियत बिघडलेली नसते, पण मासिक हप्ता आणि वार्षिक उत्पन्न यांचं गणित कुणी जुळवलेलंच नसतं.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. हप्त्यासाठी वेगळं बचत खातं ठेवा, हप्ता त्याच खात्यातून कापला जाईल असं लिहून द्या आणि हंगामात त्यात तीन-चार हप्ते आधीच टाकून ठेवा. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात वापरू नका. कर्ज मंजूर होण्याआधी विचारा की हंगामी परतफेड करता येईल का. मंजुरीनंतर हे बदलणं अवघड जातं.

पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, वेळेत करा. अनेक ठिकाणी वसुलीचा तगादा मार्चअखेरीस सुरू होतो आणि हापूसचा खरा पैसा त्यानंतर येतो. ते मधले काही आठवडे थोडी उसनवारी करून नवं-जुनं केलं तर व्याज सवलतही टिकते आणि फाईलही. पीककर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलेलं आहे हे खरं. पण उद्या होम-स्टेसाठी, बोटीसाठी, घरासाठी त्याच बँकेत जाल तेव्हा हा इतिहास समोर येणारच.

वादळानंतर आणखी एक गैरसमज मी पाहिला आहे. निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं, पाठोपाठ मे २०२१ मध्ये तौक्ते. बागा आडव्या झाल्या, तलाठ्याने पंचनामा केला, आणि पुष्कळांनी हप्ते थांबले असं गृहीत धरलं. पंचनाम्याने सरकारी भरपाई मिळते. बँकेचा हप्ता आपोआप थांबत नाही. पुनर्गठनासाठी, म्हणजे हप्ते आणि मुदत नव्याने बांधून घेण्यासाठी, बँकेत वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि त्याची पोच घ्यावी लागते.

पाचवी: कार्डाचा वापर आणि अर्जांची गर्दी

एक लाखाच्या मर्यादेवर दर महिन्याला ऐंशी-नव्वद हजार वापरत असाल तर वेळेवर भरूनही स्कोअर दबतो. वापर तीस टक्क्यांच्या आत ठेवा. फक्त ‘किमान देय’ भरत राहू नका, उरलेल्या रकमेवर वर्षाला छत्तीस-चाळीस टक्के व्याज चढतं.

चौकशीच्या यादीत एकाच आठवड्यात पाच-सहा बँका दिसल्या तर एजंटने तुमचा अर्ज सगळीकडे फेकलेला आहे. नवे अर्ज थांबवा. सहा महिने शांत बसा. याला दुसरा इलाज नाही.

सहावी: जामीन

आपल्याकडे जामीन राहणं हा नात्याचा भाग आहे. भावकीतल्या कुणी सही मागितली तर नाही म्हणवत नाही. पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ नुसार करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्याने हप्ता चुकवला की ते खातं तुमच्या रिपोर्टमध्येही ‘जामीनदार’ म्हणून थकीत दिसतं. कर्जदाराशी स्पष्ट बोला आणि बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घ्या. नव्वद दिवसांच्या आत मार्ग काढा, कारण साधारणपणे त्यानंतर बँक ते कर्ज अनुत्पादित (एनपीए), म्हणजे वसुली अडलेलं, धरते आणि दोघांची वाट बिकट होते. जामीनकी सोडायची असेल तर बदली जामीनदार आणि बँकेची लेखी मान्यता दोन्ही लागतं. कर्जदाराच्या तोंडी आश्वासनावर काही सुटत नाही.

सातवी: ‘सेटल्ड’ आणि ‘राइट ऑफ’

वसुलीवाला फोन करून सांगतो, ऐंशी हजार बाकी आहे, तीस भरा, मिटवून टाकू. मिटतं, पण रिपोर्टमध्ये ‘सेटल्ड’ लागतं आणि पुढच्या बँकेला ते ‘पूर्ण फेडलं नाही’ असंच दिसतं. ऐपत असेल तर उरलेली रक्कम भरा, बेबाकी दाखला घ्या आणि ‘बंद’ अशी नोंद मागा. खरोखरच ऐपत नसेल, आजारपण किंवा घरातला कमावता गेला असेल, तर तडजोड करण्यात काही गैर नाही. फक्त ती बँकेच्या लेटरहेडवर लेखी घ्या आणि पैसे कर्जखात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या हातात किंवा त्याच्या क्यूआर कोडवर नको. ‘राइट ऑफ’ म्हणजे माफ झालं असंही समजू नका. बँकेने आपल्या वहीत ते बुडीत धरलं, तुमच्याकडचं येणं तसंच आहे.

चूक त्यांची असेल तर

क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तीच तक्रार बँकेलाही ईमेलने पाठवा. बँकेने होकार दिल्याशिवाय क्रेडिट कंपनी नोंद बदलत नाही, म्हणून दोन्हीकडे कळवायचं. बँकेला २१ दिवस आणि एकूण निवारणाला ३० दिवस मिळतात. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार क्रमांक आणि तारीख जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

दुरुस्ती झाली की लगेच दुसऱ्या दिवशी अर्ज टाकू नका. जानेवारी २०२५ पासून बँका महिन्याऐवजी पंधरवड्याला माहिती पाठवू लागल्या, तरी एक महिना जाऊ द्या, रिपोर्ट स्वतः बघा आणि मगच बँकेची पायरी चढा.

इथे थांबा, माणूस गाठा

‘पंधरा दिवसांत स्कोअर ८०० करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, ओटीपी तर मुळीच नाही. खरी असलेली नोंद कुणालाही पुसता येत नाही आणि खोटी असलेली तुम्ही फुकटात दुरुस्त करू शकता.

तुम्ही घेतलेलंच नाही असं कर्ज असेल, आणि नावसाधर्म्याचा घोळ नाही अशी खात्री झाली असेल, तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि तिची प्रत बँकेला पाठवा.

रिपोर्टमध्ये ‘दावा दाखल’ दिसलं, घरावर सरफेसी कायद्याच्या (बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस आली, किंवा पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला काढला, तर माझ्यासारख्याचं काम संपलं. तारखा धावत असतात. वकील गाठा, आणि परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. पात्र माणसाला तिथे मोफत वकील मिळतो आणि लोकअदालतीत तडजोडही होऊ शकते.

हप्त्यांची बेरीज उत्पन्नाच्या निम्म्यावर गेली असेल आणि एक कर्ज फेडायला दुसरं काढत असाल, तर नवा अर्ज हा उपाय नाही. तुमच्या भागातलं आर्थिक साक्षरता केंद्र शोधा किंवा जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या कार्यालयात जा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे ते काम बँक ऑफ इंडियाकडे आहे. जाताना ताजा रिपोर्ट, सहा महिन्यांचं खातेपुस्तक, सगळ्या कर्जांची हप्त्यासह यादी आणि आलेल्या प्रत्येक नोटिशीची झेरॉक्स न्या. घरातल्यांपासून लपवलेलं कर्ज असेल तर तेही त्या यादीत लिहा, नाहीतर समोरचा माणूस चुकीचा सल्ला देईल.